खातं अडकलं तर? इंदूरकरांनो, तुमचं कसं सुटलं ते लिहा

सुदामानगरात मी डबे देते. महिनाअखेरीस किराण्याचे पैसे द्यायला गेले तर यूपीआय चालेना. बँकेत खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मैडम, ऊपर से होल्ड है, हमारे हाथ में कुछ नहीं." ऊपर म्हणजे पोलिसांकडून, आणि होल्ड म्हणजे खात्यातले पैसे रोखून ठेवलेले, हे कळायला तीन चकरा झाल्या. डबा घेणाऱ्या एका मुलाने २,८०० रुपये दिले होते. त्याच्याकडे ते कुणाच्या तरी फसवणुकीतून फिरत आलेले. तक्रार दक्षिणेतल्या एका राज्यात.

शेवटी बँकेकडून लेखी घेतलं: तक्रारीचा क्रमांक, ठाणं कोणतं, रक्कम किती. हे तीन हातात येईपर्यंत सगळी वणवण फुकट. मग तपास अधिकाऱ्यांना मेल केला, सोबत डब्याच्या वहीचे फोटो आणि त्या मुलाशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं. एकवीस दिवसांनी २,८०० सोडून बाकीचं खातं मोकळं झालं. मधे हप्ता परत गेला, त्याचा दंड वेगळा.

तुमचं काय झालं? लाजू नका, चोरी आपण केलेली नाही.

शीतलामाता बाजार, साड्यांचं दुकान
ताई, तुमचं लवकर सुटलं. माझे १८,५०० वादातले आणि अडकलं अख्खं चालू खातं, ऐन लग्नसराईत. व्यापाऱ्यांना तोंड दाखवेना. मेलला उत्तर नाही, फोन उचलला तर भाषेचा प्रश्न. वकिलांनी सांगितलं, सुप्रीम कोर्टाने १९९९ सालीच बँक खातं ही जप्त करता येणारी 'मालमत्ता' ठरवली आहे, त्यामुळे पोलिसांना अधिकार आहेच. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ नुसार (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १०२) जप्तीची खबर त्यांनी लगेच मॅजिस्ट्रेटला द्यायची असते. जिथे तक्रार झाली तिथल्या कोर्टात आम्ही त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली, जप्त केलेलं परत मिळावं म्हणून अर्ज केला. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये बँकांना, पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा असं सांगितलं होतं, तेही जोडलं. चार महिने लागले. वकिलांची फी अडकलेल्या रकमेहून जास्त, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

रामबाग, निवृत्त
पेन्शन आत यायची, बाहेर निघायची नाही. औषधं मुलाच्या कार्डावर.

भंवरकुआँ, परीक्षेची तयारी
माझी चूक होती, लिहितो. मित्राने 'आठ दिवस खातं दे, दोन हजार देतो' म्हटलं आणि मी एटीएम कार्डही त्याला दिलं. नंतर नोटीस आली. बाबा सोबत आले, दोन वेळा जबाब झाला. ठाण्यातले साहेब म्हणाले, "बेटा, खाता किराए पर नहीं देते." खातं अजून बंद आहे. डबेवाल्या ताई, तुमच्यात आणि माझ्यात फरक आहे, माहीत आहे.

लोकमान्यनगर
एक सावध करते. होल्ड लागल्यावर आठवड्यात मला फोन: 'सायबर सेलमधून बोलतोय, पाच हजार भरा, आजच सोडवून देतो.' माझी माहिती त्याला कुठून मिळाली, देव जाणे. फोन ठेवला.

राजमोहल्ला
मी दुसऱ्या टोकाचा. वीजबिलाच्या नावाने माझे ४२,००० गेले. अर्ध्या तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. पैसे तोवर तीन खाती पुढे गेले होते. ज्या-ज्या खात्यात पोचले तिथे होल्ड लागला. कोर्टाच्या आदेशानंतर २६,००० परत आले. तेव्हा त्या खात्यांच्या मालकांचा विचार डोक्यात आला नव्हता. यातला एखादा साडीवाला, डबेवाला असेल हे आज वाचताना लक्षात आलं. फोन मात्र मी पुन्हाही केलाच असता.

सुदामानगर
करायलाच हवा होता, दादा. रामबागचे काका, तुम्हाला बँकेने क्रमांक लेखी दिला का? नसेल तर सोमवारी मी येते सोबत, अकराच्या आत जाऊ, नंतर मॅनेजर भेटत नाहीत.