साठ माणसं, दोन तास, एक मीटिंग रूम: ऑफिसातली दारू-ड्रग टेस्ट अशी व्हावी का?

सुईवाला

मंडळी, परळ-दादर पट्ट्यात घरोघरी आणि ऑफिसांत जाऊन रक्त घ्यायचं काम मी चौदा वर्षं करतोय. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालोय, चाळिशी उलटलीय, तरी दार उघडणारी माणसं आत ओरडून सांगतात, "अगं, सॅम्पलवाला मुलगा आलाय." असो.

परवा आमच्या सेंटरला लोअर परळच्या एका कंपनीचं काम आलं. वार्षिक हेल्थ चेकअप: सीबीसी, उपाशीपोटीची साखर, लिपिड, नेहमीचंच. त्याच फेरीत साठ जणांच्या लघवीची ड्रग टेस्ट, आणि "जमलं तर रक्तातली दारूपण बघून घ्या". वेळ सकाळी ८ ते १०. म्हणजे माणशी दोन मिनिटं. पॉझिटिव्ह आला तर काय, असं मी विचारलं. "मग त्याला घरी बसवणार," एचआरच्या मॅडम म्हणाल्या, चहा सांगावा तितक्या सहज.

टेस्टला माझा विरोध नाही. पण अशा रीतीने घेतलेल्या नमुन्यावर कुणाची भाकरी काढू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. चेकअपचं रक्त चुकलं तर आपण दुसऱ्या दिवशी परत घेतो, सॉरी म्हणतो. इथे परत घेऊन उपयोग काय? कालची दारू आज रक्तात थोडीच सापडणार?

आमच्या धंद्यात घाईने काय होतं ते सांगतो. एक नवा मुलगा होता. पेशंटची शीर सापडेना, पिवळी नळी अर्धीच भरली. पठ्ठ्याने जांभळ्या नळीतलं थोडं रक्त तिच्यात ओतलं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, पोटॅशियमवालं, आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. रिपोर्टात पोटॅशियम आभाळाला, कॅल्शियम पाताळात. काकांना फोन गेला, ताबडतोब अ‍ॅडमिट व्हा. काका नाक्यावर भाजी घेत होते. नळ्यांचा क्रम (निळी आधी, मग पिवळी, मग जांभळी, ग्रे शेवटी) उगाच ठरवलेला नाही. दंडाला रबर एक मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवायचं नाही, यालाही कारण आहे. दोन मिनिटांत माणूस उरकायचा म्हटला की सगळ्यात आधी हेच सुटतं.

आणि रक्तातली दारू बघायची असेल तर हात स्पिरिटने पुसायचाच नाही, स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. माझ्या पेटीत त्या दिवशी दुसरं काही नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं?

क्रेनखालचा

तुमची कळकळ समजली, पण राव, तुम्ही एसीत बसणाऱ्या लोकांचा विचार करताय. मी बंदरात आहे, २२ वर्षं. डोक्यावरून कंटेनर जातो तेव्हा भरलेला असला तर तीस टन भरतो. वर केबिनमध्ये बसलेल्याने रात्री किती ढोसली, हे खाली उभ्या असलेल्याला कळायचा काय मार्ग?

"रात्री प्यायलो, सकाळी ठणठणीत" हे तर रोज ऐकतो. हिशोब करा. शरीर दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम दारू काढतं. रात्री बारा वाजता १५० असेल तर सकाळी सातला ४५ उरली. गाडी चालवायची कायद्याची मर्यादा ३०. म्हणजे अंघोळ करून, पूजा करून, डबा घेऊन आलेला माणूससुद्धा पहिल्या पाळीला नशेतच. आमच्याकडे गेटवर फुंकणी (तोंडाने फुंकून दारू तपासायचं यंत्र) आली तेव्हा युनियनवाल्यांनी हीच रड लावली होती, रीत नाही, मान नाही. आता कुणी चकार शब्द काढत नाही.

टेस्ट थोडी वाकडी झाली तरी चालेल. झालीच नाही तर माणूस मरतो.

ठाकुर्ली_फास्ट

+१. आणि ज्याच्या पोटात काही नाही त्याने घाबरायचं कशाला?

अनारसेवाली

ठाकुर्ली, पोटात काही नाही? दिवाळीत काय काय असतं पोटात?

खसखस अफूच्याच बोंडातली. तिच्यात मॉर्फिनचे अंश असतात, आणि भरपूर खाल्ली तर लघवीत उतरतात. अमेरिकेत सरकारी नोकऱ्यांच्या टेस्टमध्ये ओपिएट्सची (अफूच्या जातीच्या पदार्थांची) मर्यादा मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅम होती, ती १९९८ मध्ये २००० केली. मोठं कारण हेच, खसखस खाणारी माणसं अफूबाज ठरत होती. आपल्याकडे चेकअपला लघवी तपासायची जी पट्टी वापरतात तिची मर्यादा किती, हे कुणी विचारलंय? जुन्या ३०० वाली असेल तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी डोंबिवलीतली निम्मी बायकामंडळी पॉझिटिव्ह निघतील. (निम्मी हे माझं अतिशयोक्तीचं गणित, मोजायला बसू नका. एखाद्या अनारशाने काही होत नाही, पण आमच्याकडे एखाद्यावर कोण थांबतं?)

तिसरा_मजला_लॅब

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सुईवाला, मुद्दा बरोबर, पण थोडा बाऊ करताय.

स्पिरिटचं म्हणाल तर पुसलेली जागा वाळू दिली तर आकड्यात फरक नगण्य पडतो, हे तपासून झालेलं आहे. तरी वापरायचं नाही, कारण उद्या वकील तेवढंच धरून बसेल. रक्त ग्रे नळीत, म्हणजे सोडियम फ्लोराइड घातलेल्या. ते नसेल तर जंतू साखरेपासून दारू तयार करू शकतात, किंवा असलेली दारू कमी होते. नळी हलक्या हाताने उलटसुलट करायची, सील लावायचं, आणि ज्याचं रक्त आहे त्याची सही सीलवरून आरपार घ्यायची. यात फार तर पाच-सात मिनिटं जास्त जातात. म्हणजे अडचण टेस्टची नाही, तुमच्या वेळापत्रकाची आहे.

अनारसेवालींचा मुद्दा मात्र शंभर टक्के. पट्टीवरची रेघ म्हणजे निकाल नव्हे, ती फक्त शंका. सर्दीच्या काही गोळ्या अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक ड्रगच्या पट्टीवर खोटी शंका उठवतात, कोडीनचं खोकल्याचं औषध ओपिएटच्या पट्टीवर खरंच लागतं. म्हणून पॉझिटिव्ह आलेला नमुना जीसी-एमएस नाहीतर एलसी-एमएस यंत्रावर जायलाच हवा. तिथे नेमका कुठला पदार्थ आणि किती, ते दिसतं. पट्टी स्वस्त, हे यंत्र महाग. कंपन्या पट्टीवरच थांबतात आणि तिलाच रिपोर्ट म्हणतात. माझा राग त्याच्यावर आहे, रक्त घेणाऱ्यावर नाही.

माहीमची_सून

सगळे नळ्या आणि यंत्रांवर बोलताय. फॉर्मवर बोला ना.

आमच्या ऑफिसात अशीच टेस्ट झाली. आधी फॉर्म: "चालू औषधे लिहा." मी रात्री झोपेसाठी क्लोनाझेपाम घेते, डॉक्टरांच्या चिठ्ठीने. नाही लिहिलं तर बेंझोडायझेपाइन (या गोळीचा गट) पॉझिटिव्ह, म्हणजे मी नशेबाज. लिहिलं तर फॉर्म गोळा करणारा अ‍ॅडमिनचा पोरगा वाचणार. लिहिलं. दुपारी जेवताना शेजारची म्हणाली, "झोप लागत नाही का गं तुला?"

पाकीट बंद नव्हतं. एवढीच चूक. पण ती कुठल्या जीसी-एमएसमध्ये पकडणार?

क्रेनखालचा

ताई, हे वाईट झालं, मान्य. पण ही टेस्टची चूक नाही, अ‍ॅडमिनची.

माहीमची_सून

दादा, टेस्ट अ‍ॅडमिनच करतं.

कोर्टनाका

थोडं कायद्याचं. मुंबईकर हे विसरतात की रक्तातल्या दारूवरचे फार जुने आणि फार बारीक नियम आपल्याच राज्यात आहेत. दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि त्याखालचे रक्ततपासणीचे नियम १९५९ चे. त्यांत डॉक्टरने काय करायचं ते स्वयंपाकाच्या कृतीसारखं लिहून ठेवलंय: सिरिंज उकळत्या पाण्यात घालायची, कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची, रक्त काढताना कुठल्याच टप्प्यावर अल्कोहोलला हात लावायचा नाही, किमान ५ सीसी घ्यायचं, बाटलीत रक्त गोठू नये आणि टिकावं म्हणून औषध हवं, आणि ते विरघळेपर्यंत बाटली जोरात हलवायची. (लॅबवाले डॉक्टर, तुमचा हलका हात १९५९ ला मान्य नव्हता.) म्हणजे सुईवाला म्हणतात ते नवं नाही, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी सरकारलाही सुचलं होतं.

पण हे सगळं पोलीस आणि कोर्टासाठी. रस्त्यावरसुद्धा आधी फुंकणी, मग गरज पडली तर रक्त, तेही नोंदणीकृत डॉक्टरने काढलेलं. खासगी कंपनीला असा चौकटीचा कायदाच नाही. नेमणूकपत्रातल्या एका ओळीवर सगळं चालतं, आणि ती ओळ वाचून सही केलेला माणूस मला अजून भेटायचाय.

मालकाच्या हातात रक्ताचा रिपोर्ट गेला की काय होतं, तेही मुंबईने पाहिलंय. एका हंगामी कामगाराला एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणून काम नाकारलं होतं. माणूस कामाला धडधाकट असेल तर तेवढ्यावरून नाकारता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितलं. पुढे २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची सक्तीच बंद केली. तेव्हा "हेल्थ चेकअपमध्ये आणखी एक नळी" या वाक्याला मी तरी घाबरतो.

ठाकुर्ली_फास्ट

नियम कितीही लिहा, नमुना बदलणारे बदलतातच. २०२४ ला पुण्यात पोर्शच्या अपघातानंतर रक्त बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, विसरलात? तिथे काय नियम नव्हते?

सुईवाला

विसरलो नाही. त्या आठवड्यात प्रत्येक घरी मला चेष्टेने विचारत होते, "माझंच नेताय ना?"

पण तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. नळी कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली याची सहीनिशी नोंद असते म्हणूनच अशी अदलाबदल पकडता येते. लोअर परळच्या ऑर्डरमध्ये नोंदच नव्हती. साठ बाटल्या, मार्करने लिहिलेली नावं, आणि माझी आइस पॅकची पिशवी.

विमानघर

आमच्या घरात वैमानिक आहे म्हणून लिहिते. त्यांच्याकडे उड्डाणाआधीची फुंकणी तर आहेच, मर्यादा शून्य, माउथवॉशसुद्धा जपून. ड्रग टेस्ट डीजीसीएने, म्हणजे विमानवाहतुकीच्या सरकारी नियामकाने, ३१ जानेवारी २०२२ पासून लागू केली, वर्षाला किमान १० टक्के लोकांची, कधीही, न सांगता. पण पट्टीनंतर पक्की तपासणी होते, आणि पहिल्यांदा सापडलेल्याला हाकलत नाहीत, व्यसनमुक्तीला पाठवतात. ज्यांच्या हातात पावणेदोनशे प्रवासी, त्यांना दुसरी संधी. आणि एक्सेल शीट भरणाऱ्याला लगेच घरी?

क्रेनखालचा

ही तुलना पटली. आमच्याकडेही पहिल्या वेळी फक्त पाळीवरून परत पाठवतात, पगार कापून.

पण एक विचारतो. गांजाचं काय? फुंकणीत येत नाही, आणि बंदरात आता तोच जास्त आहे. लघवीशिवाय मार्ग काय?

तिसरा_मजला_लॅब

गांजात लघवीचा दोष उलटा आहे. एखाद्या वेळी ओढणाऱ्याच्या लघवीत तीनेक दिवस सापडतो, रोज ओढणाऱ्याच्या कित्येक आठवडे. म्हणजे धुळवडीला भांग घेतलेला पॉझिटिव्ह येईल, पण आत्ता केबिनमध्ये बसताना त्याचं डोकं ठिकाणावर आहे का, हे त्यातून कळणार नाही. त्या प्रश्नाला रक्त जास्त जवळचं, कारण रक्तातून मूळ पदार्थ काही तासांत उतरतो. लाळेच्या टेस्ट आहेत, त्याही काल-आजचंच सांगतात.

दारूत याच्या उलट हवं असेल, म्हणजे महिनाभर पितोय का हे बघायचं, तर पीईटीएच नावाची तपासणी आहे. दारूपासून रक्तपेशींच्या आवरणात तयार होणारा पदार्थ, दोन ते चार आठवडे राहतो. पण रविवारी परमिट रूममध्ये कोण बसतं, हे मालकाला कळायची गरज काय? कामावर शुद्धीत आलात ना, बास.

क्रेनखालचा

बास. लाळेचं युनियनच्या बैठकीत मांडतो. तुमचं पटलं असं म्हणत नाही हां.

सुईवाला

काल रात्री हा धागा वाचून सेंटरच्या सरांशी बोललो आणि एचआरच्या मॅडमना लिहून पाठवलं. चेकअप आणि ड्रग टेस्ट वेगवेगळ्या दिवशी. एका दिवसात पंधरा माणसं. टॉयलेटच्या पाण्यात निळा रंग, म्हणजे नळाचं पाणी कुणी मिसळणार नाही. बाटली हातात आल्यावर चार मिनिटांच्या आत तापमान, ३२ ते ३८ अंश असायला हवं. नमुना दोन बाटल्यांत, दुसरी त्या माणसासाठी राखीव, त्याला पटलं नाही तर दुसऱ्या लॅबला. औषधांची यादी बंद पाकिटात, ते फक्त डॉक्टर उघडणार. पट्टी पॉझिटिव्ह आली तर पक्का रिपोर्ट येईपर्यंत कंपनीला काहीच कळवायचं नाही. दारूसाठी फुंकणी, रक्त नाही.

आत्ता उत्तर आलं: "ओके. निळ्या रंगाचे पैसे वेगळे लागणार का?"