मान धरलीय, हाताला मुंग्या येतायत, कायरोकडं जाऊ का?

द्राक्षवाला_तासगाव
नमस्कार मंडळी. वय ४१, दोन एकर बाग. दीड महिना झाला मान धरलीय ती सुटायचं नावच घेईना. यंदा मजूर वेळेवर मिळाले नाहीत, त्यामुळं विरळणीला आणि डिपिंगला मी आणि बायको दोघंच. म्हणजे सकाळी सातपासून मांडवाखाली मान वर करून उभं राहायचं, घडात कात्री घालायची नाहीतर घड औषधाच्या मगात बुडवायचा, आणि संध्याकाळी घरी आलं की मान खाली घालून मोबाईल. आधी नुसती मान आखडायची, बाम चोळला की बरं वाटायचं. आता उजव्या फऱ्यातनं कळ निघते ती पार हातात उतरते, अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला मुंग्या. वर बघितलं की जास्तच. रात्री हात डोक्यावर ठेवून झोपलं की तेवढं बरं वाटतं, बायको म्हणते यंदाचा दर बघून हात डोक्यावरच जाणार.

मेव्हणा पुण्यात असतो, रोज रील पाठवतोय. कायरोप्रॅक्टर मान धरतो, कट्टकन वाजवतो अन् माणूस हसत उठतो. म्हणतोय ये, एका सिटिंगमध्ये मोकळा होशील. कुणी करून घेतलंय का? आणि हे आपल्या हाडवैद्यासारखंच असतं का वेगळं काय?

विश्रामबागकर
मी घेतलंय, पुण्यातच. माझं बैठं काम, दिवसभर लॅपटॉप. वाजवल्यावर खरंच हलकं वाटलं, दोन दिवस एकदम मोकळा, तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. मग लॅपटॉपखाली जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा ठेवून स्क्रीन वर घेतली, वेगळा कीबोर्ड घेतला, तेव्हा कुठं फरक पडला. पण मला हातात काही नव्हतं हां, नुसती मान. तुमचं प्रकरण वेगळं वाटतंय.

पलूसची_काकू
अहो जाऊ नका हो असलं काही करायला. आमच्या ह्यांना दाढी झाली की सलूनमध्ये मान मोडून घ्यायची सवय, वर्षानुवर्षं काही झालं नाही आणि एके दिवशी असा हिसका बसला की आठ दिवस मान एका बाजूला. शेजारी हाक मारली तर अख्खं अंग फिरवून बघायचे. त्यापेक्षा मिठाची पुरचुंडी गरम करून शेका, आणि दोन उशा घेत असाल तर एक काढा.

फिजिओ_मिरज
दादा, तुमच्या पोस्टमध्येच निम्मं उत्तर आहे. अंगठा आणि शेजारचं बोट म्हणजे बहुतेक मानेतली सहावी नस, सी-६. मानेत मणके सात, त्यातल्या पाचव्या-सहाव्याच्या मधून ती बाहेर पडते. मान वर केली की तिची वाट अरुंद होते, गादी सरकलेली असेल किंवा हाड वाढलेलं असेल तर नस तिथंच चिमटते. हात डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटतं कारण नसेवरचा ताण कमी होतो, आम्ही पेशंटला हे मुद्दाम विचारतो, तुम्ही न विचारता सांगितलंत. दोन्ही हातांना मुंग्या असत्या तर आधी शुगर आणि बी-१२ बघा म्हटलं असतं.

आता कायरोचं. हे १८९५ साली अमेरिकेत डेव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर नावाच्या माणसानं सुरू केलं, आणि पहिला पेशंट मानदुखीचा नव्हताच, कमी ऐकू येतं म्हणणारा होता! तिकडं त्याची डिग्री असते, लायसन असतं. आपल्याकडं त्याला सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळं समोरचा कुठं आणि किती शिकलाय हे आपणच विचारायचं. हाडवैद्य परंपरेनं शिकतो, ते वेगळं. कट्ट आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या पाण्यात गॅसचा बुडबुडा तयार होतो त्याचा असतो. साध्या आखडलेल्या मानेला त्यानं थोडे दिवस आराम पडतो हे खरं, व्यायामानंही पडतो. पण नस दबलेली असताना झटका देणं मला पटत नाही. शिवाय मेंदूला जाणारी एक रक्तवाहिनी मानेच्या मणक्यांच्या भोकांतनंच वर जाते, झटक्यानं तिचं अस्तर फाटलं तर लकवा होऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं. काकूंच्या ह्यांनाही सांगा, सलूनमधलं बंद.

एक सांगा, हातातनं कप-कात्री सुटते का? बटण लावताना बोटं अडखळतात का? चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, असलं काही असेल तर फोरमवर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर. नसेल तर एकदा ऑर्थोला दाखवून घ्या आणि मग फिजिओ. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय निवळतं. एमआरआय सांगितला तर करा, पण चाळिशीत दुखत नसलेल्यांच्या रिपोर्टमध्येही गादी झिजलेली दिसते, वाचून घाबरू नका. आणि मानेचा पट्टा महिनोन् महिने घालू नका, स्नायू ढिले पडतात.

द्राक्षवाला_तासगाव
सर लई आभार. कप सुटत नाही, कात्री दाबायला हातात जोर मात्र कमी पडतो असं वाटायचं, मी म्हटलं धार गेली असेल. उद्याच मिरजेला येतो दाखवायला. मेव्हण्याला कळवलं, तो रुसलाय. पण डिपिंगचा दुसरा राउंड चार दिवसांवर आलाय, तो काय थांबत नाही, त्याचं काय करू?

फिजिओ_मिरज
जोर कमी पडतो हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, विसरू नका. डिपिंग शक्यतो दुसऱ्यावर सोपवा. अगदीच करावं लागलं तर पायाखाली पाट नाहीतर बुटका स्टूल घ्या, घड डोळ्यांसमोर आला पाहिजे, आणि वीस मिनिटांनी खाली उतरून मान सरळ. वहिनींनाही तसाच द्या.

द्राक्षवाला_तासगाव
स्टूल उंच घेतला तर डोकं मांडवाच्या तारेला लागतंय. क्रेट पालथा घालून बघतो.