फुप्फुसाचा कॅन्सर: स्कॅन स्वच्छ आला म्हणजे ऑपरेशननंतर सगळं ठीक?

शेवंती: "केमो-रेडिएशननंतर पेट स्कॅनमध्ये गाठ विझलेली दिसली की ऑपरेशननंतर माणूस बरा होणारच," असं काल इथे ठासून लिहिलं गेलं. वाचून तिडीक गेली. पेट स्कॅनमध्ये कॅन्सर चमकतो, पण रेडिएशनने फुप्फुसाला येणारी सूजही चमकते. उलट, विझल्यासारख्या दिसणाऱ्या जागी जिवंत पेशी उरलेल्या असू शकतात. खरं काय ते काढलेले लिम्फ नोड्स (कॅन्सर जिथे पसरतो त्या छोट्या ग्रंथी) मायक्रोस्कोपखाली गेल्यावरच कळतं. २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या इंटरग्रुप ०१३९ चाचणीत ३९६ रुग्ण होते, स्टेज तीन-ए, म्हणजे रोग छातीच्या मधल्या नोड्सपर्यंत पोचलेला. ऑपरेशनवेळी ज्यांचे नोड्स स्वच्छ निघाले, त्यांच्यापैकी ४१% पाच वर्षांनी हयात होते. लक्षात घ्या, नोड्स स्वच्छ असूनही ४१%. कसलं 'होणारच'?

वाटसरू: ते वाक्य माझं. त्याच चाचणीत ऑपरेशन केलेल्या गटातले निम्मे रुग्ण २३.६ महिन्यांपेक्षा जास्त जगले, आणि न केलेल्यांतले निम्मे २२.२ महिन्यांपेक्षा. मग एवढी चिरफाड हवी कशाला, तेही सांगा की!

शेवंती: कारण तुम्ही फुप्फुसाचा एक लोब, म्हणजे एक भाग, काढणं आणि अख्खं फुप्फुस काढणं एकाच मापाने मोजताय. त्या चाचणीत अख्खं फुप्फुस काढलेले ५४, त्यातले १४ उपचारातच दगावले. लोब काढलेल्या ९८ जणांत एक. माझ्या बाबांचं उजवं फुप्फुस काढलं. फुंकरीच्या टेस्टचे आकडे छान आहेत, म्हणून सगळे निश्चिंत. डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून रक्तात वायू नीट जातो का ती टेस्ट, कुणी केलीच नाही. रेडिएशन झालेल्या श्वासनलिकेचा टाका सुटला. ड्रेनच्या बाटलीतले बुडबुडे थांबायची वाट बघत मी अकरा रात्री बसले होते.

नीलमोहर: बाबांना हे आकडे आधी कुणी सांगितले होते का? आमच्याकडे आईला काहीच सांगायचं नाही असं मामांनी ठरवून टाकलं. डॉक्टरही बाहेर बोलावून आम्हालाच सांगायचे.

वाटसरू: बरोबरच केलं मामांनी. खचलेल्या माणसाला टक्केवारी सांगून काय साधतं?

नीलमोहर: खचलेली ती नव्हती, घाबरलेले आपण असतो! ती गेल्यावर उशीच्या अभ्र्यात रिपोर्टची झेरॉक्स सापडली. 'एन२'भोवती, म्हणजे छातीच्या मधल्या नोड्समध्ये रोग असल्याच्या खुणेभोवती, पेनाने गोल केलेला. तिला सगळं ठाऊक होतं, आणि आमच्यासाठी ती अजाण असल्यासारखी वागत राहिली.

शेवंती: बाबांना कुणी विचारलंच नाही. सही माझी घेतली.

मधुमालती: अहो, मूळ मुद्दा? वाटसरू, तुमचा पेशंट कोण होता?

वाटसरू: धाकटा भाऊ. खांदा दुखतो म्हणून सहा महिने मलम चोळत होता. गाठ फुप्फुसाच्या टोकाला. केमो-रेडिएशन, मग ऑपरेशन. आज नऊ वर्षं झाली.

मधुमालती: म्हणजे पॅनकोस्ट, फुप्फुसाच्या टोकाच्या अशा गाठीचं नाव. त्याचं गणितच निराळं. २००७ साली आलेल्या पॅनकोस्टच्या चाचणीत गाठ पूर्ण निघालेल्यांपैकी ५४% पाच वर्षं जगले. त्यात छातीच्या मधल्या नोड्समध्ये रोग पसरलेले रुग्ण घेतलेच नव्हते. तुमच्या भावावरून शेवंतीच्या बाबांचं भाकीत कसं करणार?

वाटसरू: ठीक आहे. स्कॅनचं वाक्य मागे घेतो. नोड्स, किती फुप्फुस गेलं, कापलेल्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या निघाल्या का, हे आधी बघायला हवं, मान्य. सांगण्याबाबत मात्र नाही. भावाला मी आजवर एकही आकडा सांगितलेला नाही.

नीलमोहर: त्याने विचारलंय का कधी, एवढंच सांगा.