मदत हवी आहे: एकाच पेशंटमध्ये यूएमएन (अप्पर मोटर न्यूरॉन) आणि एलएमएन (लोअर मोटर न्यूरॉन) दोन्हीच्या बिघाडाची लक्षणं कशी? सोमवारी केस प्रेझेंटेशन आहे

नमस्कार. बीपीटीच्या (फिजिओथेरपीच्या) तिसऱ्या वर्षाला आहे, सध्या न्यूरोची पोस्टिंग. केसपेपरवर मी जे लिहिलंय ते मलाच पटत नाहीये, म्हणून हा धागा.

साठीतले शेतकरी काका. सहा महिन्यांपासून शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना पाय काठीसारखे ताठ होतात, चप्पल निसटली तरी कळत नाही. 'गुडघेदुखी' म्हणून आमच्याकडे पाठवलेत.

तक्ता पाठ आहे. अप्पर, म्हणजे मेंदूतून मज्जारज्जूत उतरणारी चेतापेशी बिघडली तर: स्नायू कडक, जर्क (हातोडी ठोकल्यावरचा झटका) वाढलेले, बॅबिन्स्की पॉझिटिव्ह (तळवा खरवडला की अंगठा वर), स्नायू फारसे वाळत नाहीत. लोअर, म्हणजे मज्जारज्जूतून स्नायूकडे जाणारी बिघडली तर: स्नायू ढिले, जर्क गायब, स्नायू झपाट्याने वाळतात, कातडीखाली लवतात. काकांनी एकट्याने दोन्ही रकाने भरले! पायात गुडघ्याचा आणि घोट्याचा जर्क उसळतो, क्लोनस (पाऊल झटक्यात ताणलं की थरथरत राहतं) आहे, दोन्ही अंगठे वर जातात. हातात मात्र दंड वाळलाय, बायसेप्स जर्क येतच नाही. ट्रायसेप्सचा पुन्हा जोरदार. आणि मनगटाजवळ सुपिनेटरवर ठोकलं की कोपर वाकायच्या ऐवजी बोटं मिटतात. माझाच नेम चुकतोय असं वाटून चारदा ठोकलं. काका म्हणाले, "पोरी, खिळा ठोकतीयेस का?"

रात्री नेटवर शोधलं तर दोन्ही एकत्र म्हणजे एएलएस (या चेतापेशी मरत जाऊन स्नायू दुबळे होणारा असाध्य आजार). झोप उडाली. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १
नेम चुकलेला नाही, तेच तर सापडलंय. त्याला इन्व्हर्टेड सुपिनेटर म्हणतात.

तक्ता न्यूरॉनचा आहे, माणसाचा नाही. मानेत सी५-सी६ (पाचव्या-सहाव्या चेतामुळांच्या) पातळीवर मज्जारज्जू दाबला गेला की तिथल्याच अँटिरियर हॉर्नच्या पेशी (म्हणजेच लोअर न्यूरॉन) आणि चेतांची मुळं मार खातात. बायसेप्स आणि सुपिनेटर याच पातळीचे, म्हणून तिथे एलएमएन. पण मेंदूकडून खाली जाणारे (अप्पर न्यूरॉनचे) तंतूही तिथूनच जातात. ते दबले की खालच्या सगळ्यांवरचा लगाम सुटतो. ट्रायसेप्स मुख्यतः सी७, बोटं मिटवणारे सी८, आणि मग पाय: सगळे उसळणार. वरून खाली येताना जर्क जिथे हरवतो ती जागा धरायची. तुझ्या काकांनी पत्ता लिहून दिलाय.

आता एएलएस. चप्पल निसटल्याचं कळत नाही, हे तूच लिहिलंस. ती संवेदनेची तक्रार झाली आणि एएलएसमध्ये बधिरपणा हे लक्षण नसतं. जीभ वाळलीये का? जॉ जर्क (हनुवटीवर ठोकून) वाढलाय का? ही दोन्ही मानेच्या वरची. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून झिणझिण्या जातात का? लघवीचंही विचार.

आणि सोमवारची वाट बघू नकोस, आजच मॅडमना सांग. एमआरआय होऊन न्यूरोसर्जन किंवा स्पाइनवाल्यांचं मत येईपर्यंत मानेला ट्रॅक्शन (ताण) नाही, मॅनिप्युलेशन (झटका देऊन फिरवणं) तर अजिबात नाही.

प्रतिसाद २
वर छान सांगितलंय. फक्त एक भर. झाडावरून किंवा गाडीवरून पडलेला पेशंट पहिल्या काही दिवसांत बघितलास तर पाय लुळे आणि जर्क गायब असू शकतात, इजा मज्जारज्जूत असूनही. तो स्पायनल शॉक. कडकपणा नंतर, दिवसा-आठवड्यांनी येतो. मी इंटर्नशिपमध्ये अशा पेशंटला बिनधास्त एलएमएन लिहिलं होतं आणि राउंडला सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली होती.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. जीभ ठीक, जॉ जर्क नॉर्मल. मान वाकवल्यावर काका म्हणाले, "कमरेपर्यंत करंट गेला." लघवीला घाई होते, पण वयामुळे असेल म्हणून त्यांनी सांगितलंच नव्हतं. मॅडमनी एमआरआयसाठी वर चिठ्ठी पाठवलीये.

प्रतिसाद १
उत्तम. हॉफमन (हाताच्या बोटावरची यूएमएनची खूण) पाहिलास?

धागाकर्ती
राहिला. उद्या बघते. त्याला हातोडी लागत नाही ना?

प्रतिसाद १
नाही. मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मार आणि अंगठ्याकडे बघ, आत वाकतो का. काकांना सांग, आज खिळे नाहीत.