लॉकडाऊनमधली भाजी, कापडी पिशव्या आणि गेटवरचा टेम्पो : तुमचे अनुभव सांगा

सदाफुली
माळा आवरताना एक लांबट वही हाताला लागली. पानोपानी फ्लॅट नंबर आणि पुढे ‘मेथी १ गड्डी, टोमॅटो २ किलो, कोथिंबीर असेल तर’. २०२० च्या एप्रिलमधली आमच्या सोसायटीची भाजीची वही. तिथेच बसून वाचत राहिले, म्हणून हा धागा.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. मार्केट यार्ड बंद झालं तेव्हा काही दिवस नुसता कांदा-बटाटा चालला. मग कुणाच्या तरी ओळखीतून सासवडच्या पुढचे एक शेतकरी दादा टेम्पो घेऊन यायला लागले. आदल्या रात्री फोनवर याद्या गोळा करायच्या, सकाळी गेटच्या आत टेबलं मांडायची, एकेका विंगने खाली यायचं. त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशव्या नव्हत्याच. आपली पिशवी आपण आणायची हा नियमच झाला. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी जुन्या नऊवारी फाडून पिशव्या शिवल्या आणि घरटी वाटल्या. प्लॅस्टिकबंदी २०१८ चीच, पण आमच्या सोसायटीत ती पाळली गेली ती आजींच्या मशीनमुळे.

आणि ‘आज काय करू’ हा प्रश्नच उलटा झाला. आधी बेत ठरायचा, मग भाजी आणायची. तेव्हा टेम्पोत येईल त्यावर बेत. गवार, दुधी, राजगिरा, अंबाडी. कोणी नाक मुरडत नव्हतं, भाव पाडून मागत नव्हतं. कारण समोरचा माणूस पहाटे उठून, पोलिसांना पास दाखवत आपल्यासाठी आलाय हे दिसत होतं.

आता दहा मिनिटांत दारात सामान येतं आणि लिंबांनासुद्धा वेगळी पिशवी असते. मला मनापासून वाटतं, तेव्हाचं निम्मं तरी टिकायला हवं होतं. तुमच्याकडे काय बदललं, काय टिकलं? घाईत लिहिलंत तरी चालेल.

पेठेतली
आमची कसबा पेठ. पत्रे ठोकून गल्ल्या बंद. टेम्पो वगैरे काही नाही हो ताई, आमचे तारणहार कोपऱ्यावरचे वाणीकाका. फोनवर यादी सांगायची, ते अर्ध्या शटरमधून सामान द्यायचे. पॅकिंगचं सामान संपलं तेव्हा त्यांनी रद्दीच्या पुड्या बांधायला सुरुवात केली, दोऱ्याने, वरून गाठ. माझ्या मुलीने पहिल्यांदा पुडी बघितली. पैसे वहीत मांडून ठेवायचे, ज्यांचं काम गेलं होतं त्यांच्याकडे महिनोन् महिने मागितले नाहीत. आजही महिन्याचं सगळं त्यांच्याकडूनच. दोन रुपये जास्त पडले तर पडू देत.

मिसळपाव४११०३८
पालक!!! आमच्या टेम्पोत फक्त पालक यायचा. पालक पराठे, पालक भजी, पालकाची पातळ भाजी. बायको म्हणाली आता डोसाही हिरवा. सविस्तर नंतर लिहितो, मीटिंग आहे.

जुन्नरकर
आमचं गाव जुन्नर तालुक्यात, मी नोकरीला हडपसरला. दुसरी बाजू लिहितो.

पाडव्याच्याच दिवशी देश बंद झाला, २५ मार्च. झेंडू शेतात उभा होता. देवळं बंद, लग्नं बंद, फुलबाजार बंद. वडिलांनी त्यात रोटर फिरवला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

भाजी आणि द्राक्षांचं त्यातल्या त्यात निभावलं. २०१६ मध्येच फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला होता, म्हणजे बाहेर थेट विकायला मोकळीक होतीच. पण शहरात गिऱ्हाईक ओळखीचं कुठे होतं? ते लॉकडाऊनने मिळवून दिलं. ऑफिसातल्या लोकांच्या सोसायट्यांमध्ये मी द्राक्षं पाठवली. परदेशी जायची होती ती, तशीच वेलावर राहिली असती. ज्यांना खाऊन संपेनात त्यांनी गच्चीवर बेदाणे केले.

एक मात्र सांगतो, राग मानू नका. थेट विक्रीत कष्ट दुप्पट आहेत. यार्डात हमाली-तोलाई जाते, पण गाडी रिकामी केली की माणूस मोकळा. सोसायटीत निवडणं, जुड्या बांधणं, घरटी वजन, सुट्टे पैसे, ‘आम्ही जरा बाहेर आहोत, उद्या द्या’. त्यामुळे शेतकऱ्याकडून घेतलं म्हणजे मंडईपेक्षा स्वस्तच हवं, ही अपेक्षा ठेवू नका. ज्या सोसायट्यांनी हे समजून घेतलं त्यांच्याकडे भाऊ अजून जातो. बाकीच्यांचे फोन दुकानं उघडल्यावर बंद झाले.

सदाफुली
जुन्नरकर दादा, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. वडिलांबद्दल वाचून पोटात कालवलं. आता कसे आहेत ते?

जुन्नरकर
बरे आहेत ताई. झेंडू परत लावतात, पण थोडाच. बाकी रानात कांदा.

रात्रपाळी
मी नर्स आहे. तुम्ही सगळे भाज्या निवडत होतात तेव्हा आम्ही वॉर्डात. मला यातलं काहीच करता आलं नाही. समोरच्या काकू माझ्या वाट्याची भाजी घ्यायच्या, निवडून, धुऊन दाराच्या कडीला पिशवी लावून ठेवायच्या. कधी मटार सोललेले असायचे. काकू २०२१ मध्ये गेल्या. दुसऱ्या लाटेत. ती पिशवी माझ्याकडे आहे.

पेठेतली
🙏 तुम्हा लोकांचे उपकार फिटणार नाहीत.

सदाफुली
काकूंना नमस्कार.

औंध_अपर्णा
आमच्याकडे उलटंच झालं म्हणून लिहिते. भीतीने लोक सगळं पॅकबंद मागवायला लागले. सुटं नको, कुणाचा हात लागलेला नको. वरून ग्लोव्ह्ज, फेस शील्ड, सॅनिटायझरच्या बाटल्या. घरातला कचरा कमी नाही, वाढला. तेव्हा रोज न चुकता आल्या त्या कचरा गोळा करणाऱ्या ताई. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे हे मला तेव्हा कळलं. आख्खं शहर घरात आणि या बायका घरोघरी, मास्कच्या कचऱ्यात हात घालून.

त्यानंतर आम्ही मास्क वेगळे ठेवायला लागलो, कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, सॅनिटरी पॅडसाठी सांगतात तसंच. ओला कचरा घरीच जिरवायला घेतला. माठाच्या बुडाला भोकं, खाली नारळाच्या शेंड्या, वर ओला कचरा आणि सुका पालापाचोळा, ताकाचं पाणी. वास आला तर पालापाचोळा वाढवायचा, एवढंच. हिरवी खरेदी म्हणताना या बायकांचा विचार आधी व्हावा असं मला फार वाटतं. आपण काय विकत घेतो ते शेवटी त्यांच्याच हातात जातं.

तळजाई
अपर्णाताई, अगदी अगदी. माठाला झाकण कुठलं वापरता? आमच्याकडे चिलटं फार.

औंध_अपर्णा
सुती कापड, दोरीने बांधून. आणि फळांच्या सालांवर लगेच पालापाचोळा घाला.

स्पर्धापरीक्षा_शनिवारपेठ
मी तेव्हा अभ्यासाला पुण्यात होतो. मेस बंद, अभ्यासिका बंद, मित्र गावाकडे निघून गेले. मी अडकलो. हिरवं-बिरवं काही नाही, बिस्किटं आणि नूडल्स. घरमालकीण बाईंनी एक दिवस विचारलं, चपाती लाटता येते का. नाही म्हटलं तर शिकवली. त्यांच्या अंगणातल्या शेवग्याची पानं खुडून भाजी करायचो. आता तालुक्याच्या ठिकाणी सरकारी नोकरीत आहे, क्वार्टरच्या मागे शेवगा लावलाय.

तळजाई
वा! अभिनंदन हो. शेवग्याच्या पानांची कशी करायचात? माझी कडसर होते.

स्पर्धापरीक्षा_शनिवारपेठ
कोवळीच पानं घ्या काकू, देठ अजिबात नको. भिजवलेली मूगडाळ, लसूण जास्त, वरून ओलं खोबरं. बाई चिमूटभर गूळ टाकायच्या.

मिसळपाव४११०३८
आलो परत. जुलैचा लॉकडाऊन आठवतोय का कुणाला? १४ ते २३ जुलै, पहिले पाच दिवस फक्त दूध आणि औषधं. आदल्या दिवशी मंडईत आणि किराणा दुकानांत नुसती झुंबड. आमच्या इमारतीत मात्र गडबड नव्हती. ज्याच्याकडे जे होतं ते एका कागदावर लिहून लिफ्टपाशी लावलं. कुणाकडे तूरडाळ जास्त, कुणाकडे गावचा इंद्रायणी तांदूळ. पाच दिवस अदलाबदल. तळमजल्यावरच्या बाईंच्या कुंडीत घोळ उगवली होती, तीसुद्धा शिजली. टिकलेलं सांगायचं तर तो कागद. अजूनही कुणी गावाला निघालं की फ्रिजमधली भाजी त्यावर लिहून जातं, फेकत नाही.

पेठेतली
हे फार आवडलं. आमच्या वाड्यात सुरू करते.

डेक्कनचा_आंबेप्रेमी
हापूस कसा विसरलात सगळे? त्या वर्षी कोकणातून बागायतदार थेट सोसायट्यांमध्ये पेट्या पाठवत होते. पेंढ्यात ठेवलेला, झाडावर तयार झालेला. मी तेव्हापासून त्याच बागेतून घेतो. सीझनच्या आधी निम्मे पैसे पाठवतो, म्हणजे त्यांनाही खताला हाताशी राहतात.

जुन्नरकर
आगाऊ पैसे देणं हे सगळ्यात उत्तम, दादा. शेतकऱ्याला त्याचाच खरा आधार वाटतो.

तळजाई
विषयांतर होतंय, तरी विचारते. लॉकडाऊनमध्ये लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल घ्यायला लागलो होतो, तो घाणा बंद झाला. सहकारनगर, धनकवडीकडे कुणाला माहीत आहे का? घरची बरणी भरून देणारा हवा.

सदाफुली
धायरीला एक आहे, मी तिथूनच आणते. स्टीलची बरणी न्या, आधी रिकामी तोलतात. ताजं तेल गढूळ दिसतं, तीन-चार दिवस हलवू नका, गाळ खाली बसतो. दुपारी बंद असतो. पत्ता निरोपात पाठवते.