मदत हवी आहे: ट्रेलरच्या जमिनीवर काय टाकू?

मंडळी, इथे मिशिगनमध्ये जुना २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतलाय. आतला गालिचा उपटला तर दाराजवळचं प्लायवुड पिचपिचीत, स्क्रूड्रायव्हर टेकवला की सरळ आत. गळती दाराच्या वरून होती; ती बंद केली, कुजलेला भाग कापून पाऊण इंची नवं प्लायवुड बसवलं. आता वर काय टाकायचं, इथे अडलोय.

हिवाळ्यात ट्रेलर बाहेरच, हीटर बंद, पारा कधी उणे २० सेल्सिअस. उन्हाळ्यात आत नुसती भट्टी. क्लिकवाल्या (एकमेकींत अडकवायच्या) व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकच्या, पट्ट्यांचा एक खोका आणून मांडून पाहिला, पण थंडीत आकसून सांधे उघडतील आणि स्लाइड-आउट (जागा वाढवायला बाहेर सरकवता येणारा ट्रेलरचा भाग) आत घेताना त्याचे रोलर या पट्ट्या खरवडतील, ही धास्ती. लॅमिनेट पाण्यामुळे बाद, टाइल वजनामुळे. अखंड व्हिनाइल शीट शहाणपणाचं वाटतं, दिसायला दवाखान्यासारखं असलं तरी.

जागा साधारण १२० चौरस फूट, काम घरीच करणार. अशा थंडीत ज्यांनी शीट टाकलंय त्यांनी सांगा: पूर्ण चिकटवलंत की फक्त कडांना? आणि स्लाइड-आउटच्या खालपर्यंत नेलंत की अलीकडेच थांबवलंत?