निर्जन बेटावर न्यायची आठ गाणी: निवड कशी करायची?

कट्टेकरी
आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बीबीसी रेडिओच्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स'च्या धर्तीवर महिन्यातून एक कार्यक्रम करायचं ठरतंय. एका वेळी एक सभासद, निर्जन बेटावर न्यायची आठ गाणी, प्रत्येकामागची आठवण, आणि समोर प्रश्न विचारणारा एक जण. वेळ ४५ मिनिटं. सभासद साधारण ६५ ते ८५ वयाचे.

पहिल्या चौघांच्या याद्या हातात आल्या आहेत. त्या वाचल्या तर 'मराठीतली सर्वोत्तम गाणी' अशा वाटतात. चौघांची तीन-तीन गाणी तर तीच आहेत आणि आठवण विचारली की "शब्द फार सुंदर आहेत" एवढंच उत्तर येतं. तेव्हा:
१) आठवणीतलं गाणं शोधून काढायची काही पद्धत आहे का?
२) प्रत्येक गाणं किती वाजवायचं?
३) दोघांकडे फक्त जुन्या कॅसेट आहेत, त्यांचं काय करायचं?
४) कार्यक्रम चित्रित करून यूट्यूबवर टाकला तर चालेल का?

सिलोन२५मीटर
आधी मूळ कार्यक्रमाचे नियम बघा, त्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. रॉय प्लमली यांनी तो २९ जानेवारी १९४२ला सुरू केला आणि १९८५ साली जाईपर्यंत स्वतःच चालवला. आठ तबकड्या पहिल्यापासून आहेत. सोबत एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू न्यायची मुभा १९५१ साली आली. बायबल आणि शेक्सपिअर बेटावर आधीच ठेवलेले असतात, मात्र बायबलऐवजी आपल्या श्रद्धेचा दुसरा ग्रंथ मागता येतो. तुमच्याकडे ज्ञानेश्वरी किंवा गाथा फुकट देऊन टाका, नाहीतर दर महिन्याला पुस्तकाचं उत्तर तेच येईल. चैनीची वस्तू निर्जीव हवी आणि बेटावरून सुटायला उपयोगी पडता कामा नये.

सगळ्यात कामाचा शेवटचा प्रश्न: लाट आली आणि आठांतलं एकच वाचवता आलं, तर कुठलं? हा प्रश्न येणार हे सभासदाला यादी करतानाच सांगून ठेवा. मग दिखाव्याची गाणी आपोआप गळतात. लोकांसमोर 'अभिरुची' दाखवायला घेतलेलं गाणं लाटेत कोणी वाचवत नाही.

आपल्याकडेही याचं भावंड आहे. विविध भारतीवर 'विशेष जयमाला'त सिनेमातली माणसं फौजी भावांसाठी गाणी निवडून त्यांच्याबद्दल बोलायची. फक्त तिथे आठचं बंधन नव्हतं आणि गाणी ऐकणाऱ्यांसाठी निवडलेली असायची. तुमच्याकडे सभासदाने स्वतःसाठी निवडायची आहेत. हा फरक त्यांना दोनदा सांगा. मग तिसऱ्यांदाही सांगा.

मधला_सा
पद्धत आहे. पहिली अट अशी की यादीची सुरुवात गाण्यांपासून करायची नाही. "आवडती गाणी सांगा" म्हटलं की डोकं सरळ लोकप्रिय गाण्यांच्या कप्प्यात जातं, आणि तो कप्पा सगळ्यांचा सारखाच असतो. म्हणून चौघांची तीन गाणी जुळली.

कोऱ्या कागदावर आधी राहिलेली घरं लिहायला सांगा. गाव, वाडा, चाळ, हॉस्टेल, नोकरीच्या बदल्या, मुलीचं घर, सगळं. प्रत्येक घरापुढे तीन गोष्टी: तिथे आवाज कशातून यायचा (रेडिओ, शेजारचा रेडिओ, ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर, देवळातला कर्णा, आईचा गळा), तो कोण लावायचं आणि दिवसाच्या कुठल्या वेळी. गाणी यानंतर आठवायची. अशी २५ ते ३० निघतात. फार कमी निघाली तर "तुम्ही स्वतः कधीच लावलं नाहीत, पण कानावर पडायचं असं काय होतं?" हे विचारा. एसटी स्टँडवरचं, इराण्याच्या हॉटेलातलं, गणपती मंडळाच्या कर्ण्यावरचं. आवडत नसलेलं गाणंसुद्धा चालेल. अशी गाणी नंतर फारशी ऐकलेली नसतात, म्हणून जुनी आठवण त्यांच्यात धड राहिलेली असते.

मग प्रत्येक गाण्याला एक चिठ्ठी. तिच्यावर जागा, माणूस आणि वेळ. तिन्ही भरता आल्या तर गाणं ठेवा. एकही भरता आली नाही तर ते 'आवडतं' गाणं आहे, खुशाल घरी ऐका. एखादीच भरली तर चाचणी घ्या: गाणं एकदाच, दुसरं काही न करता, शेवटपर्यंत ऐकायचं आणि संपल्यावर पाच मिनिटांत जे डोळ्यांसमोर आलं ते लिहायचं. एकदाच ऐकायचं हे महत्त्वाचं. तयारी म्हणून महिनाभर रोज ऐकलं तर जुन्या प्रसंगाच्या जागी खुर्चीत बसून तयारी केल्याचीच आठवण त्याला चिकटते.

दरवर्षी ऐकू येणारी गाणी वेगळी हाताळा. दिवाळीच्या पहाटेची तबकडी, गणपतीतल्या आरत्या, आषाढीचे अभंग. यांना एक दिवस, एक प्रसंग असा उरत नाही, चाळीस दिवाळ्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणजे ती टाकाऊ नाहीत. त्यांच्यावर अख्खं घर उभं करता येतं: कोण कुठे बसायचं, चूल कुठे होती. पण आठात असं एकच ठेवा. दोन झाली की बोलणं "तेव्हा कसं सगळं छान होतं" या वळणावर जातं आणि तिथून परत येत नाही.

छाटणीचा नियम: एका माणसाचं एकच गाणं. वडिलांची तीन गाणी निघाली तर सगळ्यात बारीक तपशील ज्याच्यामागे आहे ते ठेवा.

आणि वयाचं. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी म्हातारपणी जास्त दाट असतात, हे स्मृतीच्या अभ्यासात पक्कं झालेलं आहे. वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी याच बीबीसी कार्यक्रमातल्या पाहुण्यांची निवड तपासली तेव्हा जवळपास निम्मी गाणी त्याच वयातल्या आठवणींशी बांधलेली निघाली. तेव्हा तरुणपणाकडे यादी झुकली तर झुकू द्या. अलीकडच्या दहा वर्षांतलं एक मात्र आग्रहाने मागा. नातवंडाने लावलेलं असलं तरी चालेल. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं की या माणसाचं आयुष्य १९८०लाच थांबलं.

जुनी_तबकडी
वरच्याला अनुमोदन, पण एक गोष्ट राहिली. गाणं ठरलं म्हणजे ध्वनिमुद्रण ठरलं असं होत नाही. अशा कार्यक्रमात सर्वाधिक घोळ इथेच होतो. गाणं वाजतं आणि सभासदाचा चेहरा कोराच राहतो, कारण त्यांच्या कानातलं गाणं ते नसतंच.

गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर ५६ गाणी झाली, आणि तेव्हा वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे आवाज होते. माणिक वर्मा होत्या, लता मंगेशकर होत्या. पुढे घराघरांत पोचलं ते सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातलं. ८० वर्षांच्या बाईंना शेजारच्या रेडिओवरचं आठवत असेल आणि तुम्ही बाबूजींची तबकडी लावलीत, तर गाणं तेच असूनही आठवण दुसऱ्याची होते.

तसंच चित्रपटगीतांचं. ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची, त्यामुळे पडद्यावर असलेलं एखादं कडवं तबकडीत नसायचं. रेडिओवर वाजायची ती तबकडी. आठवण थिएटरातली की रेडिओवरची, हे विचारून मगच आवृत्ती निवडा. नाट्यपदांत हा फरक आणखी मोठा, रंगमंचावर वन्समोअर घेत रंगलेलं पद तबकडीवर तीन मिनिटांत आवरलेलं असतं.

ऐंशीच्या दशकात जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या स्वस्त कॅसेट बाजारात आल्या होत्या. एखाद्याच्या घरात तीच कॅसेट होती, तर त्यांचं 'मूळ' गाणं तेच. ते बदलून अस्सल लावायचा शहाणपणा करू नका. उलट, ॲपवर जुन्या गाण्याच्या पुढे 'झंकार' किंवा 'रिव्हायव्हल' लिहिलेलं दिसलं तर सोडून द्या, त्यात ठेका नंतर चढवलेला असतो.

तारखा ताडून बघायला काही खुंट्या: सिलोनवरची बिनाका गीतमाला १९५२पासून, विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७पासून, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२पासून. सभासद "शाळेत असताना टीव्हीवर" म्हणाले आणि हिशेब जुळला नाही, तर आधी, खाजगीत विचारा. बहुतेकदा गाणं बरोबर असतं आणि उपकरण चुकलेलं असतं. मंचावर दुरुस्ती करायची नाही.

माईक_टेस्टिंग
प्रश्न २ आणि ३.

एका गाण्याला ७५ सेकंद धरा. आठांचे १० मिनिटं होतात, ३५ उरतात, म्हणजे प्रत्येक आठवणीला चार मिनिटांच्या वर बोलायला मिळतं. पूर्ण गाणी वाजवली तर २५ मिनिटं तिथेच गेली. सुरुवातीचं वाद्यसंगीत कापू नका, ओळख तिथेच पटते. लांब असेल तर त्यातले १५ सेकंद ठेवा आणि मुखडा येऊ द्या. शेवट चार सेकंदांत हळूहळू मिटवा, पण शब्दाच्या मध्ये नाही. आधी थोडी आठवण, मग गाणं, मग उरलेलं बोलणं, हा क्रम बरा. गाणं आधी लावलं की सभागृहात सगळे आपापल्या आठवणीत निघून जातात.

कॅसेट: लावण्याआधी आत डोकावून बघा. मधल्या पत्र्याच्या पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो, तो गळून पडलेला असेल तर आवाज दबका येतो. दुसऱ्या फालतू कॅसेटमधला काढून चिकटवता येतो. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, वर्षानुवर्षं पडून फितीचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. प्लेअरचं हेड (फीत वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, रबरी रोलरला साबणाचं कोमट पाणी पुरे. हेडच्या बाजूला स्प्रिंगवाला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडेतिकडे फिरवा आणि टाळ-झांजेचा आवाज सर्वांत स्पष्ट येईल तिथे थांबा.

लॅपटॉपच्या माईकच्या भोकात वायर खुपसू नका, तो बहुतेकदा मोनो असतो आणि खरखर वाढवतो. लाइन-इन असलेलं साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४४.१ किलोहर्ट्झला घ्या, सर्वांत मोठा आवाज -६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, मूळ प्रत वेव्ह (WAV) फाइलमध्ये ठेवा. खरखर कमी करताना ६ ते ९ डेसिबलवर थांबा. जास्त केलंत तर गायक पाण्याखालून गातोय असं वाटतं.

वेग तपासा. प्लेअरचा पट्टा सैल झाला की गाणं मंद आणि खालच्या पट्टीत येतं. अर्धा स्वर उतरला म्हणजे वेगात साधारण ६ टक्के फरक. त्याच ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत मिळाली तर पेटीवर सा जुळवून बघा आणि वेग बदला. नुसती पट्टी बदलू नका, लय रेंगाळलेलीच राहते.

शेवटी आठही तुकडे एका पातळीला आणा, -१६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) चालेल. तरी ७८च्या तबकड्या सभागृहात बारीक वाटतातच. नवी गाणी दोनेक डेसिबल खाली घ्या.

कट्टेकरी
घरांची यादी आजच चौघांना पाठवतो. एका बाईंच्या यादीत पतीच्या शेवटच्या आजारपणातलं गाणं आहे. ते घ्यावं का?

मधला_सा
त्यांना घ्यायचं असेल तर घ्यावं, पण तीन गोष्टी आधी ठरवून. गाणं मंचावर वाजवायचं की नुसतं नाव घ्यायचं, हे त्या ठरवतील. ते आठवं ठेवू नका, पाचवं किंवा सहावं ठेवा आणि त्याच्यानंतर काहीतरी चालतं-बोलतं गाणं किंवा नुसती सनई. आणि आवाज सांभाळणाऱ्याला एक खूण सांगून ठेवा, म्हणजे त्यांनी हात वर केला की गाणं तिथेच मिटेल.

प्रश्न विचारणाऱ्यालाही सांगा की "तेव्हा कसं वाटलं?" हे विचारायचं नाही. "रेडिओ कुठे ठेवलेला होता?" विचारा. बाकीचं माणूस आपणहून सांगतो.

जुनी_तबकडी
प्रश्न ४ राहिला. नफा न कमावणाऱ्या मंडळाने आपल्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये मोकळीक आहे. यूट्यूबला ती लागू नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. १९६०ची तबकडी २०२० अखेर मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्कात आहेत. शिवाय यूट्यूबची यंत्रणा कायदा वाचत बसत नाही, सूर जुळला की दावा ठोकते. बीबीसीसुद्धा पॉडकास्टमध्ये गाणी आखूडच ठेवते.

बोलण्याचा आणि गाण्याचा ट्रॅक वेगळा मुद्रित करा. यूट्यूबवर फक्त बोलणं टाका आणि खाली गाण्याचं नाव, गायक आणि कुठली आवृत्ती ते लिहा. सभासदाच्या घरच्यांना पेन ड्राइव्हवर गाण्यांसकट पूर्ण प्रत द्या.

माईक_टेस्टिंग
आणि त्या पेन ड्राइव्हवर वेव्हसोबत एमपी३ पण टाका. बऱ्याच जणांच्या कारमधल्या स्टिरिओला वेव्ह वाचता येत नाही.